थंडी जाहीर होण्यापूर्वी

बाळांनो, एका जंगलात थंडी आपल्या मनाने पडत नसे. ती आधी जाहीर व्हावी लागे. त्यासाठी एक थंडी समिती होती. अध्यक्ष अस्वल, सचिव मेंढा. अंगावर सर्वांत दाट केस असल्यामुळे दोघांची एकमताने निवड झाली होती.

त्याच जंगलात शेवंती नावाची सशीण राहत होती. तिला तीन पिल्लं होती. धाकटं इतकं अशक्त, की दूध पितानाही दमायचं.

पाऊस सरला. वारं उत्तरेकडून वाहू लागलं. शेवंती कामाला लागली. बिळाच्या भेगा तिने चिखलाने लिंपल्या. आत वाळकं गवत अंथरलं. अंगणात वाऱ्याच्या बाजूला काटक्यांचा कूड उभा केला.

शेजारचं साळिंदर डोकावलं.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"थंडी येतेय, भावजी. तुम्हीही गवत भरून घ्या."

"जाहीर झालीय?"

"धाकट्याचे कान गार पडतात ना."

"कान काय, कुणाचेही पडतील," साळिंदर म्हणालं आणि तडक समितीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी समिती पाहणीला आली. अस्वलाने बिळात डोकं घातलं. बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही.

"छान ऊब आहे हो," ते शेवटी म्हणालं. "मेंढेराव, लिहा. बिळात थंडी आढळली नाही."

"साहेब, ती ऊब गवताची आहे," शेवंती म्हणाली.

"बाई, थंडीच नाही, तर गवत कशाला?"

"गवत आहे म्हणून थंडी नाही."

मेंढा लिहिता लिहिता थांबला. "साहेब, हे उलटसुलट बोलणंही लिहायचं का?"

"नको. एवढंच लिहा, बाई घबराट पसरवतात. आणि हे गवत जप्त करा."

"साहेब, गवत नेलंत तर धाकटं तग धरणार नाही. एकदा त्याच्याकडे बघा तरी."

अस्वलाने बघितलं. "गोड आहे," ते म्हणालं.

गवत काढून नेलं. कूडही मोडला, कारण तो बघून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हुडहुडी भरण्याची शक्यता होती.

आठ दिवसांनी अंगणातलं दव गोठलं. शेवंती समितीच्या दारात जाऊन उभी राहिली. निदान गवत तरी परत द्या म्हणाली. गवत मिळालं नाही, पण समिती पुन्हा पाहणीला आली. अस्वलाने बिळात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"अरे बापरे. आत तर नुसता गारठा आहे."

"हेच मी सांगत होते, साहेब."

"मागच्या पाहणीत इथे थंडी नव्हती. आता आहे. म्हणजे ती इथेच तयार होते. मेंढेराव, लिहा, थंडीचा उगम सापडला."

त्याच दुपारी बिळाच्या तोंडावर मोठा धोंडा लावण्यात आला. थंडी जाहीर झाली आणि त्याच दमात संपल्याचंही जाहीर झालं. सगळ्या जंगलाने कुडकुडत टाळ्या वाजवल्या. साळिंदराने सर्वांत जास्त वेळ वाजवल्या, कारण त्याने पंजे जरा गरम होत होते.

शेवंती ओढा ओलांडून निघून गेली. तिच्याबरोबर दोन पिल्लं होती. अहवालात पिल्लांसाठी रकाना नव्हता.

तात्पर्य : ज्याला थंडी वाजते, त्याच्यामुळेच ती पडते. तेव्हा बाळांनो, घराच्या भेगा लिंपत बसू नका. आधी समितीत जागा मिळवा. केस मागाहून आपोआप दाट होतात.