बाइकचं वजन आणि चिवड्याचा डबा

मोटोक्रॉस क्लबचा योर्ग ट्रेलर घेऊन जर्मनीतल्या गार्चिंगला, शशिकांतच्या घरी यायला तयार होता. शनिवारी येतो, बाइक चढवतो, एक कॉफी घेतो आणि निघतो, असं त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने यावर 'डांके' म्हणून फोन ठेवला असता. शशिकांतने ठेवला नाही. तो म्हणाला, "नको. मी स्वतः आणून देतो."

पुढे जे काही झालं, ते या एका वाक्यामुळे झालं.

"अहो, तो ट्रेलर आणतोय ना?" सुमेधाने विचारलं.

"हरीशची बाइक आहे. कुणीतरी दारातून ओढत न्यायला ती काय भंगार आहे?"

हरीशचं नाव आलं की त्या घरातला वाद जानेवारीपासून तिथल्या तिथे मिटायचा. (एरवी त्यांचे वाद भांडी मशीनमध्ये कशी लावायची इथपासून सुरू होत आणि सासरच्या माणसांपर्यंत पोचत.)

हरीश म्हणजे शशिकांतचा धाकटा भाऊ. दादाच्या मागोमाग जर्मनीत आला, दादाच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहिला, आणि चाळिशी आल्यावर माणसं योगाच्या क्लासला जातात तसा मोटोक्रॉसच्या क्लबात गेला. इंगोलश्टाटच्या पुढे एका जुन्या खडीच्या खाणीत ही मंडळी दर शनिवार-रविवारी बाइकवरून उड्या मारत. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो असाच चिखलाने माखून परतला, बाइक तळघरात लावली आणि म्हणाला, "उद्या धुतो." दुसऱ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेला. जानेवारीत तो गेला.

जाण्याआधी हॉस्पिटलमध्ये त्याने बजावलं होतं, "दादा, बाइक क्लबला दे. नवीन लोकांना शिकायला होईल. तळघरात ठेवून तिचं म्युझियम करू नकोस."

शशिकांतने जूनपर्यंत तिचं म्युझियमच केलं. रोज रात्री 'कचरा टाकून येतो' म्हणून तो खाली जायचा. त्या घरात एवढा कचरा कधीच नव्हता. एकदा सुमेधा बादली आणि ब्रश घेऊन बाइक धुवायला निघाली, तेव्हा तो लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. 'उद्या धुतो' म्हणणारा माणूस आता येणार नव्हता, हे शशिकांतला कळत होतं. पण तो चिखल हरीशने अंगावर घेऊन आणलेला होता. तो गेला की हरीशचं काहीच उरलं नसतं.

आणि एक गोष्ट. शशिकांत अजून रडला नव्हता. मृत्यूचा दाखला आणायचा होता, विमानाची तिकिटं काढायची होती, आईला फोन करायचा होता. ही सगळी कामं करणारा माणूस घरात एकच होता. त्या धांदलीत रडायचं राहून गेलं, आणि राहून गेलेलं काम नंतर नेमकं कधी करायचं ते समजेना.

तर, बाइक नेण्यासाठी रॅक. एसयूव्हीच्या मागे ट्रेलर अडकवायला लोखंडी गोळा असतो, त्याच्यावर बसणारं आणि बाइक आडवी धरून ठेवणारं. शशिकांतने ते मागवलं, बसवलं, त्याला वेगळे दिवे जोडले, वेगळी नंबरप्लेट लावली. त्या गोळ्यावर किती भार द्यायचा याला जर्मनीत मर्यादा असते. तिला श्टुट्झलास्ट म्हणतात, आणि ती ओलांडलेली पोलिसांना अजिबात खपत नाही. शशिकांतच्या गाडीची मर्यादा एकशेचाळीस किलो. रॅक सत्तावीस. बाइक कॅटलॉगप्रमाणे एकशेसहा. म्हणजे एकशेतेहतीस.

"सात किलो हातात आहेत," तो सुमेधाला म्हणाला. आवाजात व्यावसायिक समाधान होतं. गाडीवर भार पडला की ती कशी वागते हे पाहण्यासाठीच त्याला एक मोठी कंपनी वीस-बावीस वर्षं पगार देत होती.

शनिवारी निघताना सुमेधाने टाकीचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं.

"अहो, रिकामी आहे."

"मग?"

"मग काय? रिकामी देणार? शेजारणीचा डबासुद्धा आपण कधी रिकामा परत केलेला नाही. आणि भाऊजींची बाइक अशी खडखडीत देणार?"

हे शशिकांतला पटलं. (सुमेधाचं म्हणणं गणिताच्या विरोधात असलं की ते हमखास पटतं.) त्याने टाकी काठोकाठ भरली. मग हरीशचे बूट हँडलला अडकवले, कारण बाइकबरोबर बूट हवेतच. हेल्मेट अडकवलं, कारण बूट आहेत तर हेल्मेट का नको? हत्यारांची पिशवी सीटला बांधली. क्लबच्या लोकांसाठी सुमेधाने स्टीलचे दोन मोठे डबे भरले होते, एकात बेसनाचे लाडू आणि दुसऱ्यात चिवडा. डबे एकसारखेच, लग्नात आलेले. तेही एका पिशवीत घालून बाइकच्याच गळ्यात बांधले गेले. इतकी लादल्यावर ती बाइक सासरी निघालेल्या मुलीसारखी दिसायला लागली.

ऑटोबानवर लागल्यापासून समोरचं बॉनेट जरा उंच वाटत होतं. शशिकांतला वाटलं, चढ आहे. गाडी मात्र सारखी किंचाळत होती. मागच्या सेन्सरला मागे कुणीतरी अगदी चिकटून उभं आहे असं दिसत होतं.

"बंद करा ना तो आवाज," सुमेधा म्हणाली.

"असू दे," शशिकांत म्हणाला.

चढ नव्हताच. पोलिसांच्या गाडीने पुढे येऊन 'मागे या'ची पाटी लावली आणि त्याला पुढच्या पार्किंगमध्ये नेलं. एक उंच पोलीसबाई उतरली.

"गुटन टाग. तुमच्या गाडीचं नाक आकाशाकडे आहे."

"मी हिशेब केलाय," शशिकांत म्हणाला.

तिने वजनकाटा काढला. एकशेबावन्न.

"कसला हिशेब?"

"कॅटलॉगवरून."

"तुम्ही काय करता?"

"इंजिनिअर आहे."

"कशातले?"

अशा वेळी माणसाने बेकरीत आहे म्हणून सांगावं. शशिकांत म्हणाला, "मागे भार टाकला की गाडी कशी वागते, ते पाहतो."

"आहा," पोलीसबाई म्हणाली.

बूट, हेल्मेट, हत्यारं, डबे सगळं गाडीत गेलं. पुन्हा काटा. एकशेत्रेचाळीस.

"तीन किलो काढा, नाहीतर बाइक इथेच ठेवून जा. पेट्रोल काढता येईल का?"

"ते नाही काढायचं," सुमेधा मराठीतच म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावरून कुठल्याही देशाच्या पोलिसाला ते समजलं असतं.

पोलीसबाई बाइकभोवती फिरली. मडगार्डच्या आत, इंजिनाच्या पोटाखाली, साखळीच्या बाजूला वाळलेल्या चिखलाचे थरच्या थर होते. तिने बोटाने टकटक केलं. कॅटलॉगमधली बाइक धुतलेली असते, हे बावीस वर्षं इंजिनिअर असलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आल्झो, तर मग हा काढा," ती म्हणाली. "तीन किलो सहज निघेल."

शशिकांत बाइक आणि पोलीसबाई यांच्या मधे जाऊन उभा राहिला.

"अहो," सुमेधा हळू आवाजात म्हणाली, "बाइक इथे टाकून द्यायची का? भाऊजींनी सांगितलंय क्लबला द्या म्हणून."

शेवटी त्याने गाडीतून काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी काढली आणि भर जूनमध्ये गुडघे टेकून बसला. पहिली ढेकूळ निसटली तसा त्याचा हात थांबला. पाय ठेवायच्या दांडीवर हरीशच्या बुटाच्या तळव्याची नक्षी तशीच उमटलेली होती.

"थांबा, खाली नका पाडू," सुमेधा म्हणाली. तिने चिवडा प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतला आणि रिकामा डबा खाली धरला. तो खरवडत राहिला, ती झेलत राहिली. पोलीसबाई जाणाऱ्या ट्रककडे बघत उभी होती. डबा काठोकाठ भरला, सुमेधाने झाकण लावलं आणि तो लाडवांच्या डब्याशेजारी मागच्या सीटवर ठेवला.

एकशेएकोणचाळीस. समज देऊन त्यांना सोडण्यात आलं.

खाणीवर तीसचाळीस माणसं जमली होती. दांडगी, दाढीवाली, चिखलाने भरलेली. बाइक खाली उतरवताना सगळे धावले. योर्गने टाकी भरलेली पाहिली आणि शशिकांतचा हात दोन्ही हातांनी दाबला. इथवर सगळं व्यवस्थित होतं.

मग सुमेधा मागच्या सीटवरून डबा घेऊन आली. तो तिने योर्गच्या हातात दिला. लाडू आहेत, सगळ्यांनी खा, हरीशला फार आवडायचे, असं तिला जर्मनमध्ये सांगायचं होतं. पाठही केलं होतं. पण तिच्या तोंडून "सगळ्यांसाठी... हरीश..." एवढंच निघालं, आणि पुढे तिला रडूच आलं.

योर्गने झाकण उघडलं. आत करड्या रंगाची भुकटी होती.

शशिकांतला चूक दिसली. तो "नाइन, नाइन", म्हणजे नाही नाही, म्हणायला तोंड उघडणार, तोवर योर्गने डोक्यावरची टोपी काढली होती. त्याच्या मागच्याने काढली. मग त्याच्या मागच्याने. लांब एक इंजिन चालू होतं, ते कुणीतरी जाऊन बंद केलं.

योर्ग डबा छातीशी धरून सुरुवातीच्या रेषेपर्यंत चालत गेला. मागोमाग ती तीसचाळीस माणसं. एकेकाने पुढे होऊन डब्यातली मूठ घ्यायची आणि ट्रॅकवर सोडायची. एक म्हातारा तर गुडघ्यावर बसला. शशिकांत सगळं पाहत होता. हा तुमच्याच ट्रॅकचा चिखल आहे हो, असं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तोवर शेवटची मूठ योर्गने त्याच्यापुढे धरली. ती त्याने घेतली, सोडली, आणि जानेवारीपासून राहिलेलं काम त्याच्याकडून एकदम झालं. तो लहान मुलासारखा मोठ्याने रडला.

योर्गने त्याला मिठी मारली. "हे आमच्याकडे कायद्याने बंद आहे, माहीत आहे ना?" तो कानात म्हणाला. "अस्थी दफनभूमीबाहेर टाकायच्या नाहीत. पण काळजी करू नकोस. आज इथे कुणीच काही पाहिलेलं नाही."

शशिकांतने मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

एवढ्यात, झालेला घोळ निस्तरावा म्हणून सुमेधा तसाच दुसरा डबा घेऊन आली. तिने झाकण काढलं आणि डोळे पुसत डबा सगळ्यांपुढे धरला. "बिटे, घ्या ना. खा."

सगळी दांडगी माणसं एक पाऊल मागे सरली.

"एस्सन? खायचं?" योर्गने विचारलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"अहो, तुम्ही खाऊन दाखवा ना एक," सुमेधा कुजबुजली.

शशिकांतने लाडू उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. रडताना बेसनाचा लाडू खाऊ नये. तो टाळूला चिकटला, ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तसाच तो मान हलवून, हाताने खुणा करून, 'छान आहे, छान आहे' असं सांगत राहिला. कुणी पुढे आलं नाही. योर्गने अगदी आदराने डब्याचं झाकण लावलं, तो सुमेधाच्या हातात परत दिला आणि मागे वळून आपल्या माणसांना हलक्या आवाजात समजावलं:

"राहू द्या. हे बहुतेक फक्त सख्ख्या भावालाच करावं लागतं."