दोन हातांच्या अंतरावर

डॉ. बापट तुमच्याशी बोलण्याआधी अंतर मोजतात. आपला हात पुढे करतात, तुम्हालाही करायला लावतात, आणि बोटांना बोटं टेकली की समाधानाने म्हणतात, "दोन हात! याहून लांब जायचं नाही. गुण कापतात." हा प्रयोग त्यांनी आमच्या संशोधन संस्थेच्या संचालकांवर केलाय, चौकातल्या मक्खनवाल्यावर केलाय, आणि माझ्यावर तर रोजच. लखनऊत मराठी शेजारी मिळाला म्हणून मी केवढा हरखलो होतो!

माणूस चिपळूणचा, आमच्या संस्थेत आंब्यावरच्या तुडतुड्यांचा तज्ज्ञ. बर्फ पाहिलेला तो उसाच्या रसात. पण आई गेल्यापासून आठ वर्षांची सई बापाचा हात सोडेना. शाळेच्या फाटकापाशी रोज रडारड. कुणीतरी सुचवलं, स्केटिंगला घाला, हात आपोआप सुटेल. मॉलमध्ये बर्फाचं छोटंसं रिंगण होतं. तिथे सईने कठडा सोडला, पण बापाला नाही. "पापा, छोड़ना मत!" ही किंकाळी खालच्या मजल्यावर समोसा खाताना मीही ऐकली.

दुसऱ्या कुणी हात सोडवला असता. बापटांनी आठवडाभर इंटरनेट पालथं घालून हात धरूनच करायचा खेळ शोधून काढला. आइस डान्स! त्यात म्हणे जोडीदारांनी एकमेकांपासून दोन हातांहून लांब जायचंच नसतं, गेलं की गुण कापतात.

जोडीदार मिळेपर्यंत जोडीदार कोण? स्वतः बापट. सकाळी साडेपाचला चाकांचे बूट घालून बापलेक कॉलनीच्या रस्त्यावर, आणि स्पीकरवर वॉल्ट्झ. माझी झोप गेली ती तेव्हापासून. एकदा बापटांना ताप आला, तर मला उभं केलं. माझा मणका दुखतो हे सांगून पाहिलं.

"मणका राहू द्या हो, हात सैल नको!" शाल पांघरून ते ओट्यावरून ओरडत होते. मी सरळ गुलमोहरावर जाऊन आदळलो. दूधवाले भैया सायकल थांबवून म्हणाले, "डॉक्टर साहब, ये कौन सी कसरत है?"

सईला यातलं काही नकोच होतं. "सब हँसते हैं, मुझे नहीं करना," म्हणून तिने एकदा आपले बूट गच्चीवरच्या टाकीत टाकले. बापट रागावले नाहीत. एकटेच रस्त्यावर नाचू लागले आणि धडाधड पडू लागले. शेवटी तीच धावत खाली आली. "पापा, आप हड्डी तुड़वाओगे!"

चौदाव्या वर्षी तिला खरा जोडीदार मिळाला आणि ती सरावासाठी डेहराडूनला गेली; पहाटेचा वॉल्ट्झ इथे चालूच राहिला. परवा राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी झाली. बापट गेलेच नाहीत. "मी असलो की ती माझ्याकडे बघते. नजर जोडीदारावर हवी." म्हणून आमच्याकडे बसून मोबाइलवर पाहिली, आणि पूर्ण वेळ माझं मनगट आवळून धरलं. सई पहिली आली. मनगट अजून दुखतंय.

लगेच तिचा फोन आला. "पापा, देखा? हाथ छोड़ा नहीं मैंने।"

"नाही सोडलास, बाळा. एकही गुण कापला नाही."

आता तरी झोप मिळेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा वॉल्ट्झ! मी तणतणत बाहेर आलो. रस्त्यावर बापट एकटेच गिरक्या घेत होते, उजवा हात हवेत धरून. सई आता त्यांच्याहून उंच आहे. तो हात मात्र खाली होता, आठ वर्षांच्या मुलीच्या उंचीवर.

मला पाहून त्यांनी तो झटकन मागे घेतला. "सवय हो," ते पुटपुटले. मग म्हणाले, "डेहराडून किती हात असेल हो इथून?"

शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या. मी चपला काढल्या, मणक्याला मनातल्या मनात हात जोडले आणि त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे केला.

"धरा," मी म्हणालो. "गुण कापतात."