श्रीमंतांच्या चॉकलेटाची हकीकत

जिभेस चव देणाऱ्या आणि ती आवरण्याची बुद्धी न देणाऱ्या परमेश्वरास नमन करून लिहिणे ऐसे जे, शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सरे, एका दर्याकाठच्या राज्यात (नाव लिहीत नाही, लिहिणारास मान एकच आहे) श्रीमंत महाराज सिंहासनी असता गलबतावरून एक फिरंगी आला आणि त्याने चॉकलेटाची वडी नजर केली. महाराजांनी वडी मुखी घातली, नेत्र मिटले आणि दरबार तहकूब केला. फिरंगी बोलिला की ही कोको नामे फळाच्या बियांची करणी, आणि मग कोणास स्मरण जाहले की थोरल्या महाराजांनी ऐसी झाडे घाटाखालच्या बागेत लाविली होती, ती अद्याप उभी आहेत. तेव्हा मुदपाकखान्याचे दारोगे विसोपंत यांस आज्ञा जाहली की वडी करून आणावी.

पंत बहुत सोवळ्याचे गृहस्थ. पाणीसुद्धा धुऊन घेतात ऐसी ख्याती. बागेत जाऊन पाहतात तो फळे फांदीस नाहीत, थेट बुंध्यास लटकलेली. ती कोयत्याने कापविली आणि फोडविली, तो आत पांढरा बुळबुळीत गर आणि गरात बिया. पंतांस किळस आली. त्यांनी बिया नदीवर घासून लख्ख करविल्या, वाळविल्या, कुटून साखर घातली आणि वड्या राजधानीस आणिल्या. महाराजांनी भर दरबारी वडी मुखी घातली आणि भर दरबारीच बाहेर काढिली, ती फडणिसांच्या अंगरख्यावर पडली. फडणीस म्हणाले, "कृपा जाहली." महाराज पंतांस म्हणाले, "हे चॉकलेट की कडू जहर? पुन्हा जा. वडी साधली तर या. न साधता आलात तर कान बागेतच ठेवून या."

मग पंत कान चाचपीत बागेत परतले आणि म्हाळसा नामे गावकरणीच्या पडवीत उतरले. तिच्या घरच्या बायका रोज फळे फोडीत, गर चोखीत आणि बिया केळीखाली थुंकीत. पंत कच्च्या बिया चावून तोंड वाकडे करीत. म्हाळसा म्हणाली, "पंतांनू, बियो कित्याक चावतास? गर खावा नि बियो थुका." पंतांनी सोवळे सांभाळून पाहिले, परंतु शिधा संपला आणि भुकेने शास्त्र ऐकिले नाही. तिच्या हातची पेज प्याले, गरही चोखिला, आणि लहानपणानंतर प्रथमच बोटे चाटिली. पुढे एके सकाळी केळीखालच्या ढिगातून आंबूस वास आला आणि वाफ निघाली. पंतांनी हात घातला तो ढीग ऊन लागला आणि बिया अंगच्या उरल्या गराने आंबून तांबूस जाहलेल्या. त्यांनी त्या उन्हात वाळविल्या, खापरात भाजिल्या, टरफले पाखडली आणि पाट्यावर वाटू लागले, तो वाटता वाटता बियांस आपलेच तेल सुटले. मग साखर घातली, बोट लाविले, आणि पंत जागीच खाली बसले. डोळ्यांस पाणी आले, कानांची चिंता गेली. म्हाळसेनेही चाखिले आणि बोलिली, "बरा लागता. पण गराची सर नाय."

वड्या राजधानीस आल्या. महाराजांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, पंतांस शेला दिला आणि आपणांस "चॉकलेटप्रकाश" ऐसा किताब घेतला. आणि लागलीच हुकूम सोडिला की आजपासून बागेतील फळ समूळ सरकारचे. रयतेपैकी कोणी गर मुखी लाविल्यास हात तोडावा, आणि बंदोबस्त विसोपंतांनी पाहावा. गप्प राहावे तर कारभारीपद समोर दिसत होते. परंतु पेजेची वाटी पुढे करणारा म्हाळसेचा हातही दिसत होता. पंत उठून उभे राहिले.

"स्वामी, रयतेने गर न खाल्ल्यास वडी होणे नाही."

"ते का?"

"आपण आरोगिली ती वडी म्हाळसा आणि तिच्या लेकीसुनांनी चोखून थुंकिलेल्या बियांची आहे."

महाराजांच्या गालात त्या समयी तिसरी वडी होती. थुंकावी तर चव जाते, गिळावी तर धर्म जातो. सारा दरबार त्या गालाकडे पाहत राहिला, आणि महाराजांनी गिळिली. मग सावकाश पुसिले, "शास्त्रीबुवा, अग्नीने काय काय शुद्ध होते?"

शास्त्रीबुवांनी तबकाकडे पाहिले आणि म्हणाले, "वड्या उरल्या असल्यास, सर्व काही."

तेव्हा पहिला हुकूम रद्द जाहला आणि दुसरा निघाला की बागेच्या रयतेने गर पोटभर खावा आणि बिया नीट थुंकाव्या, ही राजसेवा समजावी. भर दरबारी खरे बोलिले म्हणून पंतांचा शेला काढून घेतला, दारोगेपण गेले आणि त्यांस थुंकण्यावर देखरेखीस कायमचे बागेत धाडिले. म्हाळसेने हुकूम ऐकिला आणि हसून बोलिली, "आता थुकाकव हुकूम लागता?" पंतही हसले आणि तिच्यापाशी फळ मागू लागले.

सारांश, राजाचा धर्म राहिला, शास्त्र्यांचा मान राहिला, रयतेचा गर राहिला. खरे बोलणारास हद्दपार करण्याचा शिरस्ता मात्र कोणी मोडिला नाही. येणेप्रमाणे जाहले ते लिहिले.