केसोजी अस्वल आणि फुकटा दरवान

एका जंगलात, मुलांनो, जिथे वायफाय पोचलं होतं आणि पायवाटांवर गवत उगवलं होतं, तिथे केसोजी नावाचं एक अस्वल राहत होतं.

केसोजीची गुहा फार हुशार होती. त्याने जांभई दिली की दिवे मालवायचे. पोट खाजवलं की पंखा लागायचा. एकदा त्याला खरोखरची खाज सुटली आणि अख्खी गुहा गारठली, पण ते असो.

त्याची म्हातारी आई दोन डोंगर पलीकडे एकटी राहायची. "बाळा, येऊन जा रे," असं ती फोनवर म्हणायची. अशा वेळी हुशार मुलं काय करतात? यंत्र पाठवतात.

केसोजीने टोकोबा साळिंदराला तिकडे धाडलं. टोकोबाने आईच्या गुहेत छोटा संगणक बसवला. पाण्याचा पंप, पंखा, दिवा, सगळं त्याला जोडलं. आणि त्याच्या दारावर एसएसएच नावाचा दरवान नेमला. दरवान म्हणजे संगणकातलाच एक प्रोग्रॅम बरं का, खाकी कपड्यातला नव्हे. केसोजीने आपल्या गुहेत बटण दाबायचं. दरवान त्याची गुप्त किल्ली ओळखणार आणि हुकूम आत नेणार.

"आई, आता तुला उठायलाही नको!" केसोजी म्हणाला.

"आणि तुला यायलाही नको," आई म्हणाली.

केसोजीला वाटलं, आई खूश झाली.

एके सकाळी त्याने आईकडचा पंप चालू केला. टाकी भरेपर्यंत करायचं काय? म्हणून तिकडे काय काय चालू आहे, ते पडद्यावर बघत बसला. पंप पाणी चढवतो. पंखा वारा देतो. आणि हा दरवान?

"हा तर नुसता बसून असतो!" केसोजी गुरगुरला. "फुकट वीज खातो लेकाचा!"

टोकोबाला विचारावं, हे त्याच्या मनात आलं नाही. साहेबलोकांच्या मनात ते येत नसतं. त्याने दरवान बंद करून टाकला.

टाकी भरली. केसोजीने पंप बंद करायचं बटण दाबलं. पंप बंद होईना. पुन्हा दाबलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने दरवान चालू करायचं बटण दाबलं. पण मुलांनो, तो हुकूम तरी आत नेणार कोण? दरवानच ना!

त्याने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला.

"आई बुडते माझी!" केसोजी ओरडला आणि धावत सुटला. वाट कुठे आठवत होती? काट्यांत शिरला, ओढ्यात आपटला, एकदा तर भलताच डोंगर चढला.

पोचला तर गुहा कोरडी. आई दारात बसून पोळ्यातला मध पिळत होती.

"पंप?" केसोजीला धाप लागली होती.

"भिंतीवर बटण आहे की त्याचं. टाकी वाहायला लागली, बंद केला."

"मग फोन का नाही उचललास?"

"हात मधाने बरबटलेत, दिसत नाही का? बस. जेवून घे."

केसोजी जेवला आणि जेवता जेवता दरवान बंद केल्याची हकीकत सांगितली. आईने त्याच्या पाठीतले काटे काढले. त्याला फार बरं वाटलं. त्याने दरवान चालू केला आणि निघाला.

"अरे," आईने सहज विचारलं, "हा दरवान बंद कसा करायचा म्हणालास?"

केसोजीने कौतुकाने शिकवलं. या वयात आईला संगणकाची गोडी लागली, म्हणून त्याचा ऊर भरून आला.

पुढच्या आठवड्यात दरवान आपोआप बंद पडला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. टोकोबा दर वेळी यंत्र तपासतो. दोष काही सापडत नाही. मग तोही जेवून जातो. दोन डोंगरांमधली पायवाट आता चांगली मळली आहे.

तात्पर्य : ज्याची यंत्रणा कधीच बंद पडत नाही, त्याच्या दारी कोणी येत नाही. म्हणून शहाण्याने आठवड्यातून एकदा तरी बिघाड करावा.