दकेरसाहेबांचा दौरा

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्या गल्लीचा दौरा व्हायचा. दौरा काढणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले, बेल्जियन, आणि त्यांना तो काढायला कुणीही सांगितलेलं नव्हतं. खाकी टोपी, गुडघ्यापर्यंत ओढलेले लोकरी मोजे आणि हातात काठी अशा थाटात मिस्टर दकेर घराबाहेर पडायचे. एकेका घराची बेल वाजवून विचारायचे, घरात माणसं किती, पाणी नीट येतं का, गटार तुंबलंय का, कुणाची काही तक्रार? लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये असले प्रश्न विचारणारा माणूस एक तर कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, असतो किंवा डोक्याने थोडा सैल. दकेर कौन्सिलचे नव्हते, एवढं नक्की.

आम्ही पुण्याहून नुकतेच आलो होतो तेव्हाची गोष्ट. दारात टोपीवाला साहेब बघून श्रीधरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं की व्हिसाची चौकशी आली. तो पळत जाऊन दोघांचे पासपोर्ट घेऊन आला. दकेरांनी ते चष्मा लावून पानन् पान पाहिले, 'उत्तम' म्हणून परत दिले, आणि मग श्रीधरला मागच्या अंगणातल्या ड्रेनचं झाकण उचलायला लावलं. श्रीधरने उचललंसुद्धा. हे गृहस्थ शेजारी आहेत हे आम्हाला संध्याकाळी कळलं, तेव्हा श्रीधरने दोन्ही पासपोर्ट पुन्हा कपाटात कुलूपबंद केले.

मी मात्र त्यांना पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. माझे आजोबा तलाठी. त्यांच्याकडे येणारे मामलेदार मी लहानपणी पाहिलेत. जमिनीकडे बघत चालणं, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडच्या बांधाकडे बघणं, हे शिकून येत नाही. मी त्यांना मामलेदार म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर ते फार खूश झाले.

आणि ते खरोखरच मामलेदार होते. तेविसाव्या वर्षी कॉलेजातून निघाले ते थेट बेल्जियन काँगोत. पूर्वेकडच्या जंगलात आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढा मुलूख या पोराच्या हाती. शिरगणती, पट्टी, रस्ते, तुरुंग, भांडणतंटे, सगळं एकट्याने बघायचं. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस दौरा. साठ साली देश स्वतंत्र झाला आणि साहेब एका बॅगेनिशी ब्रसेल्सला परत. तिथे त्यांना कुणी विचारेना. मग एका इंग्लिश नर्सशी, डॉरथीबाईंशी, लग्न केलं, वॉटफर्ड गाठलं आणि एका गालिच्याच्या दुकानात हिशेबनीस म्हणून जन्म काढला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. रयत गेली, दौरा राहिला.

मी त्यांना डिवचायची. आमच्याकडेही तुमच्यासारखे दीडशे वर्षं होते म्हणायची. यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "इंग्रज घोड्यावर बसायचे. आम्ही पायी, मादाम, पायी." जणू चालत येऊन लुटलं की ती लूट नव्हे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, तर मान हलवून म्हणाले की मुद्दा विचार करण्यासारखा आहे, आणि आणखी थोडा ठेचा वाढून घेतला. आमच्या घरी सासूबाईंच्या हातचा ठेचा आला की आम्ही दोघं नाक पुसत खायचो. दकेर तो चमच्याने खायचे, आणि वर म्हणायचे की चव छान आहे, लहान मुलांना चालेल.

डॉरथीबाई असेपर्यंत दौऱ्याचं शेवटचं घर त्यांचं स्वतःचं असे. ते आपल्याच दाराची बेल वाजवायचे आणि बाई अ‍ॅप्रनला हात पुसत येऊन तक्रारींची रांग लावायच्या. गळका नळ, न आवरलेली शेड, नवऱ्याचे मोजे. दकेर गंभीरपणे ऐकून घ्यायचे. बाई गेल्यावर दौरा आमच्या घराशीच संपायला लागला, आणि आमच्याकडचा चहा लांबत गेला.

अशात कोपऱ्यातल्या घरात फेलिक्स राहायला आला. बस चालवायचा. हसतमुख माणूस, बरोबर सत्तरीची आई. काँगोतून आलेत, तेही पूर्वेकडून, ही बातमी मीच मोठ्या उत्साहाने दकेरांना दिली. मला वाटलं, म्हातारा उड्या मारेल. त्यांनी कप खाली ठेवला, आभार मानले आणि घरी गेले. पुढच्या महिन्याच्या सोमवारी दौरा निघाला तो कोपऱ्यातलं घर सोडून. त्याच्या पुढच्या महिन्यात दौरा निघालाच नाही. बेलही कुणाच्या दारी वाजली नाही.

मी जाऊन खनपटीलाच बसले, तेव्हा त्यांनी सांगितलं. तिकडे स्वाहिली बोलतात. तिकडच्या गावात कुणाच्या घरी गेलं की दाराबाहेर उभं राहून 'होडी' म्हणायचं. आपल्याकडे 'आहे का कुणी घरात' म्हणतात तसं. आतून 'कारिबू' आलं, म्हणजे 'या' आलं, तरच पाऊल टाकायचं. तीनदा हाक मारूनही उत्तर नाही आलं तर मुकाट्याने परत जायचं.

"हा शब्द मला माझ्या स्वयंपाक्याने शिकवला," ते म्हणाले. "अकरा वर्षांत मी तो एकदाही वापरला नाही. आम्ही सरळ आत शिरायचो."

मला त्या क्षणी त्यांची कीव आली नाही, हे खरं सांगते. मी म्हटलं, मग आता म्हणा.

गुरुवारी फेलिक्सला सुटी असे. त्या गुरुवारी दकेर टोपी न घालता निघाले. काठीही घेतली नाही. बेलला हात न लावता दारासमोर उभे राहिले आणि हाक मारली. मी खिडकीतून बघत होते. तीनदा हाक मारली, थोडं थांबले आणि परत फिरले.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटी फेलिक्सच मला बस स्टॉपवर भेटला आणि ओशाळून बोलला. आई आतच असते, खिडकीपाशी. पहिल्या हाकेलाच तिने ओळखलं की हा त्या वेळचा साहेब आहे, त्याच्या स्वाहिलीची ढब नोकरांना ऑर्डर सोडणाऱ्यांची आहे. तिच्या लहानपणी कापूस लावायची सक्ती होती. कुणी बियाणं न पेरता लपवलंय का बघायला असाच एक साहेब त्यांच्या घरात शिरला, मडकी उलथी केली आणि तिच्या बापाला तुरुंगात घेऊन गेला. तो हा नव्हे, दुसरा कुणीतरी. मी दार उघडायला गेलो की ती म्हणते, उभा राहू दे, असं फेलिक्स म्हणाला.

मी ते सगळं दकेरांच्या कानावर घातलं. वाटलं, आता थांबतील. फेब्रुवारी होता, थंडी मरणाची, आणि त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. मी म्हटलं, पुरे करा, आजारी पडाल. ते म्हणाले, "दार त्यांचं आहे, मादाम." आणि गुरुवारी गेलेच.

त्या दिवशी तिसऱ्या हाकेनंतर ते वळणार, तेवढ्यात दार हातभर उघडलं. मला फक्त एक पिवळा डोक्याचा रुमाल दिसला. मग आवाज सुरू झाला. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ती बाई काय करत होती हे कळायला भाषा लागत नाही. ती त्यांना फैलावर घेत होती. मध्ये श्वास घ्यायची, पुन्हा सुरू व्हायची. दकेर मान खाली घालून उभे होते. एकदाही त्यांनी हात वर केला नाही, मधे बोलले नाहीत. ती थांबल्यावर ते दोन शब्द बोलले, तिने आणखी काही सुनावलं, आणि दार बंद झालं.

ते सरळ आमच्याकडे आले. मी त्यांना हीटरजवळ बसवलं. डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी विचारलं, आत घेतलं का?

"नाही," ते म्हणाले. "त्यांनी सगळं सांगितलं. वडिलांचं नावसुद्धा. मी कबूल केलं, की आम्हीच केलं ते. मग म्हणाल्या, डोक्याला काही न घालता थंडीत फिरतोस, एवढा म्हातारा झालास तरी अक्कल नाही, घरी जा आणि गरम काहीतरी पी."

मी चहा पुढे केला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला, पण प्याले नाहीत.

"त्या भाषेत इतकी वर्षं मला कुणी रागावलं नव्हतं," ते म्हणाले. "डॉरथी गेल्यापासून तर कुठल्याच भाषेत नाही."

मी आत जाऊन श्रीधरची लोकरी कानटोपी शोधली आणि त्यांच्या डोक्यावर चढवली. त्यांनी ती हाताने चाचपली, आणि विचारलं, पुढच्या गुरुवारी ही घालून गेलं तर त्यांना बरं वाटेल का?