ठवकर सरांचं वड्याचं डिझेल

ठवकर सरांच्या घरी चहाला जाऊ नये. चहा मिळतो, पण आधी बाटली मिळते. काचेच्या बाटलीत खाली पाणी, वर सोनेरी डिझेल. सर ती खदाखदा हलवतात, तुमच्या हातात देतात आणि म्हणतात, "आता बसू दे." पाणी आणि डिझेल पुन्हा वेगळं होईपर्यंत पाहुण्यानं हलायचं नाही. चटकन वेगळं झालं तर डिझेल पास. मधे दुधासारखा थर राहिला तर नापास, म्हणजे आत साबण शिल्लक आहे. एकदा मत मागायला आलेल्या उमेदवाराला सरांनी असंच बसवलं. त्याची मिरवणूक पुढच्या गल्लीत निघून गेली आणि हा इकडे बाटलीकडे डोळे लावून!

सर म्हणजे आमच्या सक्करदरा वस्तीतले जुने केमिस्ट्रीचे सर. रिटायर झाल्यावर लोक फिरायला जातात, पोथी वाचतात, सुनेच्या कागाळ्या करतात. या माणसानं परसात ड्रम मांडला आणि तळणाच्या जळक्या तेलाचं बायोडिझेल करायला लागला. तेल जुन्या धोतरातून गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात सोडायचा, घुसळायचं आणि बसू द्यायचं. खाली काळं ग्लिसरीन जमतं, वर डिझेल. ते मग कोमट पाण्यानं धुवायचं, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसं हळूच. "घाई केली का साबण झाला," हे सरांचं ब्रह्मवाक्य. ते त्यांना कुठंही चालतं. शेजारच्या पोरीचं लग्न मोडलं, "घाई केली, साबण झाला." नवा रस्ता महिनाभरात उखडला, "बसू नाही दिला. साबण!"

हसून घ्या आत्ताच. पुढं जमायचं नाही.

या डिझेलला वास यायचा वड्याचा, कारण तेल वड्याचं. सरांच्या घरी निर्मलाकाकू रोज वडे तळायच्या. रोज म्हणजे रोज. आपल्या वडाभातातला मिश्र डाळींचा खरपूस वडा. घरात माणसं दोन आणि वडे वरातीला पुरतील एवढे. सर ते गल्लीत वाटायचे. लोक वडे चापायचे आणि तोंड पुसता पुसता सरांनाच शिव्या घालायचे, "या बुढ्याले डिझेल पाहिजे म्हणून त्या माउलीले कढईले जुंपलं!" माझी बायको तर सरांचं नाव निघालं की बोटं मोडायची. मीही त्यातलाच. शाळेत असताना सरांकडे शिकवणीला जायचो, तेव्हा काकूंच्या हातचे वडे खाल्लेले. म्हणून मला राग जरा जास्तच.

तरी डिझेल मात्र घ्यायचो, खोटं कशाला बोलू! माझा जुना टेम्पो आहे, कळमन्याच्या बाजारात माल नेतो. मी सरांसाठी अजून शाळेतला दिल्याच. आग्रहानं डबा द्यायचे, "दिल्या, पास आहे, टाक." अर्धं पंपावरचं, अर्धं सरांचं, असं भरायचो. गाडी नीट चालायची. फक्त कळमन्याचे हमाल धुराचा वास घेऊन विचारायचे, "भाऊ, डब्यात काय आणलं गा?"

मग गेल्या हिवाळ्यात, गाडीत संत्री भरलेली असताना, टेम्पो बाजाराच्या गेटातच खोकला आणि बंद पडला. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, माझ्या खानदानाचा उद्धार. मिस्त्रीनं फिल्टर उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, याच्यात दही टाकलं का?"

खरंच, आत पांढरं फटक, दह्यासारखं.

माझं डोकंच फिरलं. पास म्हणून दिलेलं डिझेल हे! तसाच तरातरा सरांच्या घरी गेलो. दार उघडं होतं, सर दिसेनात. मागच्या परसात गेलो तर काकू एकट्या उभ्या. हातात पाण्याचा गडू, समोर तयार डिझेलचे डबे, आणि त्या एकेका डब्यात थोडं थोडं पाणी ओतत होत्या.

"काकू, काहून पाणी टाकून राहिल्या त्याच्यात?"

"तेल पुरत नाही ना बाबू. पोट्टे येऊन राहिले. शिकवणी सुटली का एकदम भूक लागते त्यायले." मग माझ्या पांढऱ्या मिशांकडे बघून म्हणाल्या, "तू नवीन आहे का गा? कोणत्या वर्गात?"

शिकवणी बंद होऊन वर्षं लोटली. आम्ही पोट्टे आता आजोबा व्हायला आलो.

मागून सर आले, हातात डाळीची पिशवी. त्यांनी गडू पाहिला, माझं तोंड पाहिलं, त्यांना सगळं समजलं. काकूंच्या हातातून गडू अलगद घेतला. "निर्मला, तेल झालं भरपूर. चल, कढई तापली." आणि काकू खरंच शहाण्या पोरीसारख्या आत गेल्या.

"दिल्या, चूक माझी आहे," सर म्हणाले. "डबे कुलपात ठेवाले पाहिजे होते."

"सर, हे कधीपासून?"

"झाले तीनेक वर्षं. सकाळी उठली का पोट्टे येऊन राहिले म्हणते. अडवलं तं फाटकात जाऊन रडत उभी राहते. कढई दिली का शांत. मग तेल उरते. फेकलं तं विचारते, तेल कोणं चोरलं? म्हटलं, याचं काही तरी केलं पाहिजे. डिझेल केलं."

म्हणजे डिझेलसाठी वडे नव्हते. वड्यांसाठी डिझेल होतं! आणि आम्ही सगळे दीडशहाणे, वडे खाऊन याच माणसाला शिव्या देत होतो.

"अन् लोकं तुमाले काय काय म्हणतात, सर! सांगून काहून नाही टाकत?"

"म्हणू दे. एका घरात एकच पागल पुरते. तो मी झालो." त्यांनी डाळीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "तिच्याकडं कोणी तसं पाहिलेलं मले सहन नाही होत, दिल्या. ती मले एखाद्या दिवशी ओळखते, एखाद्या दिवशी नाही. पण वडा विसरली नाही अजून. डॉक्टर म्हणते, तेही जाईन. ते गेलं का मग माझ्याजवळ तिचं काहीच नाही."

मी निघालो तर त्यांनी दंडाला धरलं. "जाता जाता जरा ओरडून जाजो. गल्लीत लोकं ऐकून राहिले असतीन. डिझेलवरूनच भांडण झालं, असं वाटलं पाहिजे."

मी फाटकात उभा राहून ओरडलो, "पागल झाले तुम्ही सर, पागल! गाडी खराब केली माझी!" समोरच्या गच्चीवरून कोणी तरी खुशीत हसलं. मी तोंड फिरवून घेतलं, कारण मला रडू फुटलं होतं.

घरी बायकोलासुद्धा काही बोललो नाही. सरांचा डबा घेत राहिलो. पास असो की नापास.

या उन्हाळ्यात वडे बंद झाले. आधी काकू मीठ घालायला विसरू लागल्या, मग डाळ भिजवायला, मग एक दिवस त्यांनी कढईकडे पाहून विचारलं म्हणे, हे काय आहे? परसातला ड्रम कोरडा पडला. गल्ली म्हणाली, चला, सुटली बिचारी त्या बुढ्याच्या तावडीतून. मी ऐकून घेतलं. जिवाचा नुसता संताप होत होता, पण बोलू कोणाला?

परवा दुपारी त्यांच्या घरावरून जाताना वड्यांचा वास आला. जीव हरखला माझा. वाटलं, काकूंना आठवलं! धावतच आत गेलो.

कढईपुढे सर उभे होते. बनियनवर, घामानं निथळत, बोटांवर भाजल्याचे फोड. वडे कुठे जाड, कुठे फाटलेले, काही करपलेले. काकू खुर्चीवर बसून त्यातला एक बारीक बारीक तोडून खात होत्या. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे डोळे काकूंच्या तोंडावर होते. वास आला की ती उठेल, कढईजवळ येईल, हात लावेल, एवढीच आशा.

काकू उठल्या नाहीत. वडा संपवून त्यांनी पदराला हात पुसले आणि सरांकडे पाहून प्रेमानं म्हणाल्या, "आचारीदादा, चांगले झाले गा वडे. दोन आमच्या सरांसाठी झाकून ठेवजा. ते येतीनच आता शिकवणीवरून."



"ठेवतो, बाई," ते म्हणाले. त्यांनी त्यातल्या त्यात बरे दोन वडे ताटलीत काढले, वर वाटी पालथी घातली, आणि पुढचा घाणा सोडला.