पंपाने प्यायलेलं ईस्टरचं पाणी

बरणीतलं पाणी ओतून टाकायचं नाही, एवढं एकच ओरेल पुलाँने ठरवलं होतं. बहात्तर वर्षांच्या माणसाने पाणी न ओतायचं ठरवलं, तर त्यातून असं काय मोठं घडणार? पण ओरेलची गोष्ट वेगळी होती. त्याने काही करायला घेतलं की ते अर्ध्यावर राहायचं, आणि काही न करायचं ठरवलं की हमखास काहीतरी होऊन बसायचं.

त्याची बायको मारिएल ऑक्टोबरात गेली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. क्युबेकमधल्या त्या टेकडीवर दोघांची मेपलची राई होती आणि कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. झाडं, नळ्या आणि पाक आटवायची भट्टी ओरेलकडे, पंपाची खोली मारिएलकडे. झाडांतून निघालेला रस नळ्यांमधून ओढून टाकीपर्यंत आणायचं काम तो पंप एकतीस वर्षं करत होता. "माझ्या पंपाला आजवर साधी शिंक आलेली नाही," असं ओरेल सहकारी दुकानात उभा राहून भेटेल त्याला सांगायचा. "यंत्राला हात ओळखता येतो!" (त्या खोलीत आपण शेवटचे कधी गेलो होतो, हे मात्र त्याला आठवत नव्हतं. स्विच दाराबाहेर होता.)

मारिएलला पोचवून आल्यावर मुलगी जोझे म्हणाली, "पपा, राई विकून टाक. साँ-जॉर्जला माझ्या शेजारचाच फ्लॅट रिकामा आहे. लिफ्ट आहे."

"लिफ्टने मी जाऊ कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"आणि तिथून पुढे?"

हिवाळाभर फोनवर भांडून शेवटी बापलेकीत तह झाला. हा मोसम ओरेलने एकट्याने पार पाडायचा. ईस्टरला ती येईल तेव्हा सगळं सुरळीत चालू असेल, तर ती फ्लॅटचं पुन्हा नाव काढणार नाही. नसेल, तर ओरेलने मुकाट्याने सामान बांधायचं. आता, ओरेलचं फ्लॅटशी काही वाकडं नव्हतं. पण या घरात निदान मारिएलची खुर्ची रिकामी होती. तिथे रिकामं राहायलासुद्धा काही नसणार होतं.

मार्चमध्ये बर्फ सैल झालं, रस सुटला. अकरा दिवस ओरेल बाहेरच्या बाहेर पंप चालू-बंद करत राहिला. बाराव्या दिवशी पक्कड सापडेना म्हणून तो पंपाच्या खोलीत शिरला आणि दारातच थबकला. भिंतीवर दोन नळ्यांच्या मधोमध एक मोठी काचेची बरणी बसवलेली होती. वर झाकण, खाली तोटी, तळाशी एक नारिंगी चेंडू आणि दोन बोटं स्वच्छ पाणी.

मारिएलचा ईस्टरच्या पाण्यावर फार विश्वास. दर ईस्टरला सूर्य उगवायच्या आत ती ओढ्यावर जायची आणि वाटेत कुणाशी चकार शब्द न बोलता वाहतं पाणी भरून आणायची. ते पाणी वर्षभर नासत नाही. वीज कडाडली की घरभर, कोंबडी अंड्यांवर बसेना की कोंबडीवर, आणि ओरेल फार बोलायला लागला की ओरेलवर ती ते शिंपडायची. गेल्या वर्षीची शेवटची बाटली इस्पितळात, तिच्या उशाशी संपली होती.

ओरेलला क्षणात उलगडा झाला. पंप एकतीस वर्षं शिंकला नाही, तो यामुळे! बाईने पंपालाच ईस्टरचं पाणी जोडून ठेवलं होतं, तेही नळ्या लावून! (यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. मारिएलचं कुठलंच काम अर्धवट नसायचं.) त्याने टोपी काढली. ती गेल्यापासून तिच्या हातचं असं नवं काही त्याला पहिल्यांदाच सापडत होतं. त्या ओलसर खोलीत उभा राहून तो पोटभर रडला, आणि यातला थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही असं त्याने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं झालं. तिसऱ्या दिवशी पाच. ओरेल धावत शेजारच्या गिस्लाँच्या गोठ्यात गेला. गिस्लाँ गाई दोहत होता.

"गिस्लाँ, पाणी वाढतंय."

"ओढ्याचं ना? बर्फ वितळतंय, वाढणारच."

"ओढ्याचं नाही. मारिएलचं."

गिस्लाँचा हात थांबला. "ओरेल, वेळेवर जेवतोस ना?"

"अरे, परवा दोन बोटं होतं!"

"आणि रोज पितोस किती?"

"एक चमचा. संध्याकाळी पंप बंद केला की तोटीतून काढतो. थोडं गुडघ्याला चोळतो. दुखायचा थांबला बघ."

बायको जाऊन सहा महिनेही न झालेल्या माणसाला खोदून विचारू नये, एवढी समज गिस्लाँला होती. त्याने नुसती मान हलवली आणि घरी न्यायला दुधाचं भांडं भरून दिलं. खरं तर तोटी होती, चमचा होता. ओरेलचे दोन्ही गुडघे दुखत असते आणि त्याने थोडं जास्त पाणी काढलं असतं, तरी पुढचा प्रसंग टळला असता.

रोज सकाळी ओरेल बरणीपुढे स्टूल टाकून बसायचा. कालचा पाक किती उतरला, कोंबड्यांनी काय केलं, खारीने कुठली नळी कुरतडली, सगळं सांगायचा. पाणी काही बोलत नसे, पण दुसऱ्या दिवशी आणखी बोटभर चढलेलं असे. मारिएल जिवंत होती तेव्हाही साधारण असंच चालायचं.

गुड फ्रायडेला लख्ख ऊन पडलं आणि रस धो धो सुटला. दुपारी अचानक पंपाची ओढ गेली. ओढ दाखवणारा काटा शून्यावर आणि नळ्यांतला रस जागच्या जागी थांबलेला. ओरेल खोलीत धावला. पंप गुरगुरत होता, बरणी गळ्यापर्यंत भरली होती, आणि तो नारिंगी चेंडू वर तरंगून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात घट्ट बसला होता.

"त्येओचं काम!" ओरेल ओरडला. त्येओ म्हणजे जोझेचा मुलगा. "आजीच्या पाण्यात चेंडू टाकतो! लाज नाही वाटत?" (त्येओ दोन वर्षांत या खोलीत आला नव्हता.) त्याने पंप बंद केला, झाकण उघडलं, चेंडू काढून खिशात घातला, झाकण बसवलं आणि पुन्हा स्विच दाबला.

बरणीतलं पाणी सर्रकन वर गेलं आणि दिसेनासं झालं. मग एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पंप शिंकला. दोनदा. त्यानंतर त्याला ठसका लागला, पांढरा फेस आला आणि तो गपकन थांबला. तेल दिसायची काच ओरेलने पुसून पाहिली. पाणी मिसळून आत तेलाची दूध घातलेली कॉफी झाली होती.

तेवढ्यात अंगणात जोझेची गाडी वाजली. ती दोन दिवस आधीच आली होती.

"पपा, पंप बंद का आहे?"

"गुड फ्रायडे आहे. विसावा घेतोय."

जोझे आत गेली. रिकामी बरणी पाहिली, मग बापाचा फुगलेला खिसा पाहिला. "चेंडू बाहेर का काढलास?"

"ईस्टरच्या पाण्यात पडला होता."

"कुठल्या पाण्यात?" तिने कपाळाला हात लावला. "पपा, ही ओल अडवायची बरणी आहे! नळ्यांतून येणारी वाफ, थेंब इथेच राहावेत, पंपात जाऊ नयेत म्हणून. पाणी फार चढलं की चेंडू वर येऊन वाट बंद करतो. रोज सकाळी पंप थांबवायचा, तोटी उघडून पाणी सोडून द्यायचं, तोटी लावायची, पंप पुन्हा सुरू करायचा. ममा रोज करायची. तू झोपलेला असायचास. मला तर नऊ वर्षांची असल्यापासून येतं!"

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"ममा म्हणायची, नको सांगू. तेवढाच एक अभिमान आहे बिचाऱ्याला."

ओरेल स्टुलावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे मी रोज पीत होतो ते..."

"पीत होतास?"

जोझेला हसू फुटलं. ऑक्टोबरपासून ती अशी हसलीच नव्हती. भिंतीला धरून, डोळे पुसत ती हसत राहिली आणि मग बाप हसत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं.

"रोज वाढत होतं गं," ओरेल म्हणाला. "मला वाटलं, तीच भरतेय."

जोझे बादली पालथी घालून त्याच्या शेजारी बसली. दोघांना मारिएलची फार आठवण आली.

मग जोझे उठली आणि तिने गिस्लाँला हाक मारून आणलं. तिघांनी मिळून पंपातलं तेल काढलं, नवं भरलं, हाताने चाक फिरवलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी तेल तेलासारखं दिसलं आणि शनिवारी दुपारी पंपाने सूर धरला. त्यानंतर जोझेने पायरीवर बसून कुणाला तरी फोनवर फ्लॅट नको असल्याचं कळवलं. ओरेलने आतून सगळं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

"पण एक अट आहे," ती आत येऊन म्हणाली. "रोज सकाळी सातला फोन करायचा. किती बोटं पाणी निघालं ते सांगायचं. तू केला नाहीस तर मी गाडी घेऊन येईन."

ईस्टरच्या पहाटे दोघं ओढ्यावर जाऊन पाणी घेऊन आले, जाता-येता एक अक्षर न बोलता. (ओरेलला इतका वेळ गप्प बसलेला बघायला मारिएल हवी होती.) संध्याकाळी जोझे गेली. जाताना तिने आईची खुर्ची खिडकीजवळ सरकवून ठेवली.

सोमवारी बरोबर सातला ओरेलने पंपाच्या खोलीतून फोन लावला.

"दोन बोटं निघालं. सोडून दिलं. तोटी लावली. झाकण घट्ट आहे, चेंडू आत आहे."

"वा, पपा!"

"त्यात काय एवढं? तुझ्या ममाला जमायचं ते मला जमणार नाही, असं थोडंच आहे? मी तुला सांगतो, यंत्राला हात ओळखता येतो."

पलीकडे जोझे कान देऊन ऐकत असावी. मग थेट आईच्या आवाजात म्हणाली,

"पपा, पंप ऐकू का येत नाहीये?"